निर्वासितांच्या आरोग्यसेवेत परदेशी इंटर्नशिप : मुलीला पाठवावे का, आणि पाठवायचे तर कसे?

कर्वेनगरची_आई (धागाकर्ती)

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी पुण्यातील एका वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. निर्वासितांच्या आरोग्यसेवेत काम करायचे, हे तिने गेल्या वर्षापासून मनाशी पक्के केले आहे. मागच्या महिन्यात शहरातील एका हॉटेलात एका एजन्सीने अशा परदेशी इंटर्नशिपविषयी माहितीसत्र ठेवले होते, तेव्हा मीही तिच्याबरोबर गेले. विमानभाडे सोडून चार आठवड्यांचे सव्वादोन लाख रुपये, राहण्या-जेवण्याची व्यवस्था त्यांच्याकडे आणि शेवटी एक प्रमाणपत्र, असा एकूण प्रस्ताव आहे. त्यांच्या पत्रकावर गळ्यात स्टेथोस्कोप घातलेली एक विद्यार्थिनी आहे आणि तिच्याभोवती दहा-बारा लहान मुले उभी आहेत. घरी आल्यावर मुलीने ते पत्रक सासूबाईंना दाखवले. सासूबाई मूळच्या कोल्हापूरच्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वळिवड्याला पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी होती आणि वडिलांकडून तिच्याविषयी ऐकलेल्या गोष्टी त्या अजूनही सांगतात. त्यांनी चष्मा लावून पत्रक बराच वेळ पाहिले आणि विचारले, "या पोरांच्या आयांना विचारून फोटो काढलाय का?" आमच्यापैकी कोणालाच त्याचे उत्तर देता आले नाही.

पैशांची जुळवाजुळव आम्ही करू, पण माझी शंका निराळी आहे. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीचा छावणीतल्या लोकांना नेमका काय उपयोग होतो? आणि उपयोग होत नसेल, तर केवळ शिकण्यासाठी तिथे जाणे योग्य आहे का? ज्यांनी असे काम केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

औंधचा_वैद्य

ताई, तुमच्या सासूबाईंनी योग्य प्रश्न विचारला आहे. मी २०१८ साली बांगलादेशातील कॉक्स बझारजवळ, कुतुपालोंगच्या रोहिंग्या छावणीत सहा महिने काम केले. ऑगस्ट २०१७ नंतरच्या काही महिन्यांत म्यानमारमधून सात लाखांहून अधिक माणसे तिथे आली होती. डोंगरउतारावरची झाडी तोडून बांबू आणि ताडपत्रीची घरे उभी राहिली होती आणि पाऊस पडला की बांबूच्या पायऱ्यांवरून पाय घसरत असे.

मी गेलो तेव्हा घटसर्पाची (डिप्थीरियाची) साथ चालू होती. पुण्यात शिकताना आणि नोकरी करताना मी घटसर्पाचा एकही रुग्ण पाहिला नव्हता, कारण आपल्याकडे लसीकरणामुळे तो क्वचितच दिसतो. त्या मुलांना मात्र म्यानमारमध्ये नेहमीच्या लसीही फारशा मिळाल्या नव्हत्या. घशातला करडा पडदा, सुजलेली मान आणि श्वास घेताना होणारा आवाज मी पुस्तकात वाचला होता, पण एका रात्रीत अशी सात मुले पाहिली तेव्हा माझे हात थंड पडले. या आजारावरचे प्रतिविष जगातच कमी प्रमाणात उपलब्ध असते. त्यामुळे ते कोणाला द्यायचे हे अनुभवी डॉक्टर ठरवत आणि आम्ही बाकीचे त्यांचे ऐकत असू.

साथ आटोक्यात आणण्याचे निम्मे काम मात्र दवाखान्याबाहेर चालत असे. प्रत्येक रुग्णाच्या घरी आणि शेजारी जाऊन संपर्कातल्या सगळ्यांना प्रतिजैविक द्यायचे, लस टोचून घ्यायला पाठवायचे आणि नावे लिहून ठेवायची, असे ते काम होते. ते छावणीतलेच स्वयंसेवक करत. आमच्याबरोबर अठरा-एकोणीस वर्षांची एक रोहिंग्या मुलगी होती. घरांना क्रमांक नव्हते, तरी "मोडक्या हातपंपापासून तिसरे, जिथे म्हातारी एकटी राहते ते" अशा खुणांवरून ती अचूक घर काढत असे. चितगावच्या डॉक्टरांना त्या लोकांची बोली बरीचशी समजत असे, कारण दोन्ही भाषा जवळच्या आहेत. मला एक अक्षर कळत नव्हते. पदवी माझ्याकडे होती, पण दारात उभे राहिल्यावर काम तिच्यामुळे होत असे आणि मी नुसता पिशवी धरून उभा असे.

हे एवढ्यासाठी लिहिले की, तुमची मुलगी तिथे चार आठवडे गेली तर पहिला आठवडा परवाने आणि ओळखींत जाईल, दुभाष्याचा वेळ तिच्यासाठी खर्च होईल आणि कामाची रीत समजू लागेल तोवर परतीची तारीख येईल. तो खर्च छावणीवर पडतो. तिला शिकवण्याची जबाबदारी एखाद्या संस्थेने समजून-उमजून स्वीकारली असेल तर त्यात गैर काही नाही, कारण आम्हीही कोणाच्या तरी वेळेवरच शिकलो. पण ती जबाबदारी घेणारा माणूस कोण, त्याचे नाव आणि हुद्दा एजन्सीला आधी विचारा.

मुळाकाठ

डॉक्टर, एक प्रश्न. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्ससारख्या मोठ्या संस्था विद्यार्थ्यांना घेत नाहीत का? तिथे फसवणुकीची भीती तरी नाही.

औंधचा_वैद्य

प्रत्यक्ष प्रकल्पावर घेत नाहीत. ही संस्था १९७१ साली पॅरिसमध्ये स्थापन झाली. परदेशी प्रकल्पावर पाठवताना ती पदवीनंतरचा साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागते. हा नियम मला रास्त वाटतो, कारण साथीच्या वेळी शिकाऊ माणसाला सांभाळायला कोणी मोकळे नसते.

१९७१ वरून आणखी एक सांगतो. त्याच वर्षी पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावणीत पटकीची (कॉलऱ्याची) साथ आली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा मिसळलेले पाणी नळ लावलेल्या पिंपांत भरून ठेवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते सतत पाजायला सांगितले. सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण त्यामुळे ३.६ टक्क्यांपर्यंत खाली आले. आज घरोघरी जे ओआरएस दिले जाते, त्यावरचा जगाचा विश्वास त्या छावणीतून बसला. पाजण्याचे काम आयांनी आणि भावंडांनी केले होते, हे विद्यार्थ्यांना मी आवर्जून सांगतो.

नवी_डॉक्टर

हा धागा वाचून लिहिल्यावाचून राहवत नाही. दुसऱ्या वर्षाला असताना मी अशाच एका एजन्सीमार्फत पूर्व आफ्रिकेतील एका शहरात गेले होते. त्या शहराच्या कडेला शेजारच्या देशातून आलेल्या निर्वासितांची वस्ती होती. एजन्सीचे आणि दवाखान्याचे नाव मी लिहीत नाही.

तिसऱ्या दिवशी आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा आला. पत्रा लागून त्याच्या पोटरीवर दोन इंचांची जखम झाली होती. तिथल्या क्लिनिकल ऑफिसरच्या (डॉक्टर नसलेल्या, पण रुग्ण तपासणाऱ्या प्रशिक्षित कर्मचाऱ्याच्या) खोलीत तीसेक रुग्ण खोळंबले होते. त्याने माझ्याकडे पाहिले, सुई धरायची चिमटी माझ्या हातात दिली आणि तो दुसऱ्या खोलीत गेला. त्याआधी मी फक्त फोमच्या तुकड्यावर टाके घातले होते. बधिर करण्याचे इंजेक्शन कुठे आणि किती द्यायचे, हेही मला नीट ठाऊक नव्हते. मी चार टाके घातले. दुसरा टाका घालताना मुलाने पाय ओढून घेतला आणि त्याच्या आईने त्याचा गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरला. मी डॉक्टर आहे, असे तिला वाटत होते. मी डॉक्टर नाही, हे तिला कोणी सांगितले नाही आणि मीही सांगितले नाही.

आठवडाभराने तो टाके काढायला यायला हवा होता, पण मी तिथे असेपर्यंत आला नाही. जखम चिघळली की भरली, मला आजतागायत माहीत नाही. परत आल्यावर महाविद्यालयात माझे कौतुक झाले आणि मी त्याचे सादरीकरणही केले. आज मी इंटर्नशिप करते, वरिष्ठांच्या देखरेखीखाली रोज टाके घालते आणि दर वेळी आधी स्वतःचे नाव आणि हुद्दा सांगते.

ताई, मुलीला एवढेच सांगा की जे काम पुण्याच्या वॉर्डात तिला करू देत नाहीत, ते तिथे कोणी करायला सांगितले तरी तिने नाही म्हणावे. हे वाक्य त्या देशाच्या भाषेत पाठ करून जावे.

सोलापुरी_पुणेकर

वरच्या दोन्ही अनुभवांबद्दल आदर बाळगून थोडे वेगळे मत मांडतो. सगळ्या विचारी मुलांनी असे मागे राहायचे ठरवले, तर मग जाणार कोण? आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले तेव्हा ते २७ वर्षांचे होते आणि पदव्युत्तर शिक्षणाची तयारी करत होते. त्यांच्या घरच्यांनी असाच हिशेब केला असता, तर आज त्यांचे नाव आपल्याला माहीतही नसते. मराठी घरांतून आधीच फार थोडी मुले या वाटेला जातात. त्यांना भीती घालू नये, असे मला मनापासून वाटते.

औंधचा_वैद्य

कोटणीसांचे नाव घेतलेत, याचा आनंद झाला. पण त्यांची हकिगत पुढपर्यंत पाहू या. पाच डॉक्टरांचे ते पथक होते. कोटणीस वैद्यकीय पदवी घेऊन गेले होते, चिनी भाषा बोलायला आणि लिहायला शिकले, आघाडीवर शस्त्रक्रिया करत राहिले, तिथेच लग्न केले आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच वारले. पथकातले काही जण परतल्यावरही ते राहिले. मी तुमच्या मुलीला, ताई, जाऊ नकोस असे म्हणत नाही. तिने पदवी घेऊन, भाषा शिकून आणि पुरेसा काळ राहायच्या तयारीने जावे असे म्हणतो आणि आज जायचे असेल, तर केवळ शिकणारी म्हणून जावे.

अम्मानहून_परत

मी डॉक्टर नाही. सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर शिक्षण घेत असताना तीन महिने जॉर्डनमध्ये इंटर्न होतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

निर्वासित म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तंबू येतात. जॉर्डनमध्ये २०१२ साली उघडलेली झातारी ही मोठी छावणी आहे आणि बरीच वर्षे तिथे ८० हजारांच्या आसपास माणसे राहत होती. तरीही त्या देशातले ८० टक्क्यांहून अधिक सीरियन निर्वासित शहरांत आणि गावांत भाड्याच्या खोल्यांत राहत. त्यांचे आजार पटकी आणि गोवर हे नसून मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार हे आहेत. सीरिया हा मध्यम उत्पन्नाचा देश होता आणि तिथली माणसे आपल्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या खिशात घेऊन निघाली होती.

माझे काम संगणकावर होते. मधुमेहाच्या तपासणीला न आलेल्या रुग्णांची यादी काढायची, दुबार नोंदी काढून टाकायच्या आणि स्थानिक परिचारिकेने फोन करून विचारलेली कारणे तक्त्यात भरायची. पहिले दोन आठवडे मला हे काम फार कोरडे वाटले. मग कारणांच्या रकान्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा दिसू लागला : बसभाडे. औषध फुकट होते, पण ते घ्यायला येण्याचे भाडे परवडत नव्हते. परिचारिकेने तो तक्ता बैठकीत ठेवला आणि स्थिर रुग्णांना एका महिन्याऐवजी तीन महिन्यांची औषधे एकदम द्यायचे ठरले. निर्णय त्यांचा होता आणि प्रश्नही त्यांना आधीपासून जाणवत होता. मी फक्त तो मोजून दिला. विद्यार्थ्याने करण्यासारखे काम मला हेच वाटते, ज्यात रुग्णाच्या अंगाला हात लावावा लागत नाही आणि आपण गेल्यावरही ते उपयोगी पडते.

आता मार्गांविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या इंटर्नशिपसाठी वय किमान २० वर्षे आणि विद्यापीठातील पूर्णवेळ शिक्षणाची तीन वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. कालावधी ६ ते २४ आठवड्यांचा असतो आणि २०२० पासून विद्यावेतनही दिले जाते. संयुक्त राष्ट्रांची निर्वासितविषयक संस्था पदवी अभ्यासक्रमाची किमान दोन वर्षे पूर्ण झालेल्यांचे अर्ज घेते. यातली बरीचशी कामे कार्यालयीन असतात, हे मात्र आधीच समजून घ्यावे. या संस्था अर्ज, मुलाखत किंवा प्रशिक्षणासाठी कधीही पैसे मागत नाहीत. त्यांचे नाव सांगून कोणी शुल्क मागितले, तर ती फसवणूकच समजावी. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघातर्फे चार आठवड्यांची विद्यार्थी-अदलाबदल चालते. भारतातील वैद्यकीय विद्यार्थी संघटना तिची सदस्य आहे. निर्वासितांचे काम तिथे मिळेलच असे नाही, पण परदेशी रुग्णालयात निरीक्षक म्हणून वागायची सवय होते.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. पर्यटक व्हिसावर इंटर्नशिप करायला सांगणाऱ्या कोणाच्याही नादी लागू नका. पोलीस पडताळणीचा दाखला पासपोर्ट सेवेमार्फत मिळतो. युगांडा किंवा केनियाला जायचे असेल तर पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. तो दाखला आता आयुष्यभर चालतो. तो नसेल, तर परतल्यावर भारतातच सहा दिवस विलगीकरणात राहावे लागू शकते. कुतुपालोंगसारख्या छावणीत शिरायला बांगलादेश सरकारच्या निर्वासित आयुक्तांचा परवाना लागतो आणि तो मिळवणे हे यजमान संस्थेचे काम आहे. शिवाय २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत थांबवल्यापासून कित्येक दवाखाने बंद झाले आणि संस्थांनी माणसे कमी केली. म्हणून गेल्या वर्षीचे माहितीपत्रक पाहून पैसे भरू नयेत, तो प्रकल्प आज चालू आहे का हे थेट तिथे लिहून विचारावे.

जनआरोग्य_शिक्षिका

मी जनऔषधवैद्यकशास्त्र (कम्युनिटी मेडिसिन) शिकवते. दर वर्षी दोन-तीन मुली मला हाच प्रश्न विचारतात, म्हणून लिहिते.

आपत्तीच्या काळातील मदतकार्याचे मोजमाप 'स्फिअर' या मार्गदर्शिकेत दिले आहे. दर माणशी दर दिवशी किमान १५ लिटर पाणी, वीस माणसांमागे एक शौचालय, दर माणशी साडेतीन चौरस मीटर झाकलेली जागा आणि दहा हजार लोकसंख्येमागे रोज एकापेक्षा अधिक मृत्यू होऊ लागले तर आणीबाणी, असे ते हिशेब आहेत. हे आकडे मी वर्गात फळ्यावर लिहीत असे आणि मुले उतरवून घेत असत. तीन वर्षांपूर्वी मी विद्यार्थ्यांना गळीत हंगामात दौंडकडे ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर (झोपड्यांवर) नेले आणि हेच सारे मोजायला सांगितले.

बीडकडून आलेली सुमारे चाळीस कोयत्यांची, म्हणजे चाळीस जोडप्यांची टोळी होती. पाणी अर्ध्या किलोमीटरवरच्या विहिरीवरून यायचे. मुलांनी हंडे मोजले, घरातली माणसे मोजली आणि भागाकार केला, तर दर माणशी नऊ लिटर आले. शौचालय एकही नव्हते. दंडघेराची पट्टी लावायला आम्ही तिथल्या अंगणवाडीसेविकेबरोबर बसलो. दीड वर्षांच्या एका मुलीच्या दंडाभोवती पट्टी आवळली तेव्हा बाण लाल भागात, ११२ मिलिमीटरवर थांबला. ११५ च्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण. माझा विद्यार्थी पट्टी पुन्हा लावू लागला, कारण त्याला आकडा खरा वाटत नव्हता. तेव्हा सेविका म्हणाल्या, "दादा, पट्टी बरोबर आहे. तिचं नाव गावाकडच्या अंगणवाडीत आहे आणि ती इथं आहे, म्हणून ती कुठंच नाही." त्याच दिवशी त्यांनी तिला आपल्या नोंदवहीत घेतले आणि आरोग्य केंद्रात पाठवले.

ऊसतोड कामगार आणि निर्वासित एकच, असे मी म्हणणार नाही. कामगाराकडे मतदार ओळखपत्र असते, हंगाम संपला की तो गावी परततो आणि त्याला कोणी देशाबाहेर काढू शकत नाही. निर्वासिताला परतायला जागाच उरलेली नसते. त्यातून आपल्या देशाने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही केलेला नाही. त्यामुळे इथे आलेल्या निर्वासितालाही रुग्णालयात कोणता कागद दाखवावा, हा प्रश्न पडतो. हा फरक विद्यार्थ्यांना कळलाच पाहिजे. पण जागा बदलल्यामुळे लसीकरण कसे चुकते, नोंदवहीतून माणूस कसा निसटतो, पाण्यासाठी रांग कोण लावते आणि त्या वेळात लहान मूल कोणापाशी असते, हे दौंडला शिकता येते आणि तेही दुभाष्याशिवाय, आपल्या भाषेत. माझ्या मते परदेशी जाण्याआधी एक पूर्ण हंगाम हे केलेले असावे. दर शनिवारी गेले तरी चालते, पण त्याच टोळीकडे, त्याच कुटुंबांकडे परत जायला हवे.

सोलापुरी_पुणेकर

मॅडम, हे पटले. माझ्या आधीच्या प्रतिसादात मी घाई केली असे वाटते. आमच्या भागातही टोळ्या येतात. या दृष्टीने मी त्यांच्याकडे कधी पाहिले नव्हते.

कर्वेनगरची_आई

सर्वांची मनापासून आभारी आहे. उत्तर द्यायला दोन आठवडे लागले, कारण मुलीने आधी एजन्सीला पत्र लिहायचे ठरवले. तिने विचारले की देखरेख करणारे डॉक्टर कोण आहेत, मी नेमके कोणते काम करणार आणि कोणते करणार नाही, सव्वादोन लाखांपैकी दवाखान्याला किती मिळतात, माझ्याबरोबर दुभाषी कोण असेल आणि पत्रकावरच्या मुलांच्या पालकांची संमती घेतली होती का. पाचवा प्रश्न आजीच्या नावाने घातला. त्यांचा फोन आला आणि जागा भरत आल्या आहेत, एवढेच सांगण्यात आले. लेखी उत्तर आले नाही. आम्ही नाव काढून घेतले.

नवी_डॉक्टर यांचा प्रतिसाद तिने दोनदा वाचला आणि नंतर बराच वेळ काही बोलली नाही. शिक्षिका मॅडमना तिने व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला असून दिवाळीनंतर टोळ्या आल्या की ती त्यांच्या गटाबरोबर जाणार आहे. परदेशाचा विचार तिने सोडलेला नाही. इंटर्नशिपचे सक्तीचे वर्ष इथे पूर्ण करून मग जॉर्डन किंवा लेबनॉनकडे अर्ज करायचा, असे तिच्या मनात आहे आणि तोवर अरबी शिकायची आहे. पुण्यात बोलीभाषेतली अरबी कोठे शिकता येईल?

अम्मानहून_परत

ताई, पुस्तकी अरबी शिकवणारे वर्ग पुण्यात आहेत आणि लिपीसाठी ते उपयोगी पडतात. पण दवाखान्यात बोलली जाणारी भाषा वेगळी असते. पुण्यात अरब देशांतले विद्यार्थी बऱ्याच वर्षांपासून शिकायला येतात. त्यांच्यापैकी कोणाशी ओळख काढून आठवड्यातून दोन तास नुसते बोलायला बसावे, आणि सीरियाकडची बोली बोलणारे कोणी मिळाले तर फारच उत्तम. बदल्यात तिने त्यांना मराठी शिकवावी. माझ्या शिक्षकांना रिक्षावाल्यांशी बोलण्यापुरती मराठी हवी होती आणि ती त्यांनी माझ्याहून लवकर आत्मसात केली.

सुरुवातीला 'कुठे दुखते?' हे वाक्य शिकावे. पुरुषाला विचारताना 'वेन बियूजअक?' असे म्हणतात. स्त्रीला विचारताना शेवटचा उच्चार 'इक' असा होतो. माझ्याकडून पहिला महिनाभर हे चुकत होते आणि रांगेतल्या बायका न कंटाळता मला दुरुस्त करत असत.